गेटपासून स्टेशनपर्यंत

शनिवार-रविवारी लोणावळ्यात गाडी लावायला जागा मिळत नाही. चिक्कीच्या दुकानांपुढे झुंबड, भुशी धरणाच्या रस्त्यावर तासन्‌तास कोंडी, कणसे भाजणाऱ्यांचा धूर. त्याच गावात एखाद्या मंगळवारी रात्री साडेआठनंतर बाजारपेठ सोडून निघाले, की शेवटची दोन-तीन दुकाने मागे पडतात आणि पुढे नुसता रस्ता उरतो. पर्यटकाला ठाऊक असते ते शनिवारचे लोणावळे. इथे चार-चार वर्षे राहून शिकणाऱ्या मुलामुलींच्या वाट्याला येते ते मंगळवारचे.

मावळ म्हटले की कार्ल्याची लेणी, पवना धरण, इंद्रायणी तांदूळ आठवतो. गेल्या तीन दशकांत या यादीत महाविद्यालयांची भर पडली. तळेगाव दाभाड्याला 1995 मध्ये मायमर वैद्यकीय महाविद्यालय आले. लोणावळ्याजवळ कुसगावला अभियांत्रिकी आणि व्यवस्थापनाचे मोठे संकुल उभे राहिले. आंबी-वराळे बाजूला खासगी संस्था आल्या आणि 2023 मध्ये साते येथे पिंपरी चिंचवड विद्यापीठ सुरू झाले. एवढ्या संस्थांना सलग जमीन लागते आणि ती गावठाणात मिळत नाही. म्हणून महाविद्यालय जाते डोंगराच्या पायथ्याशी नाहीतर एमआयडीसीच्या कडेला, आणि रेल्वे स्टेशन राहते इंग्रजांनी ठेवले तिथेच. या दोन्हींच्या मधला रस्ता कुणीच नीट आखलेला नसतो.

नगर, बीड, लातूर, जळगाव, यवतमाळकडून आलेली मुले या रस्त्यावर रोज असतात. वसतिगृहात सगळ्यांना जागा मिळत नाही. उरलेली वरसोली, वलवण, तुंगार्ली, तळेगाव स्टेशन, वराळे, इंदोरी अशा ठिकाणी कॉट बेसिसवर राहतात. खोली एकीकडे, मेस दुसरीकडे, कॉलेज तिसरीकडे. सबमिशनचा आठवडा असला की झेरॉक्सच्या दुकानात रात्री नऊ वाजतात. गॅदरिंगच्या तालमी लांबतात. पुण्याला क्लास किंवा अर्धवेळ नोकरी असली तर संध्याकाळची लोकल पकडून परतायचे, आणि स्टेशनबाहेर शेअर रिक्षा भरेपर्यंत थांबायचे. रिक्षावाला चार माणसे झाल्याशिवाय हलत नाही. रात्री चार माणसे होत नाहीत. मग ‘स्पेशल’ न्यायची, नाहीतर चालत निघायचे.

मावळातल्या कॅम्पसची रात्रीची सुरक्षा नेमकी या टप्प्यावर ठरते. भिंत, पहारेकरी आणि कॅमेरे असतात गेटच्या आत. जे घडते ते बहुतेक वेळा बाहेर.

2 एप्रिल 2017 चा रविवार. लोणावळ्यात अभियांत्रिकी शिकणारे एक तरुण आणि एक तरुणी संध्याकाळी फिरायला बाहेर पडले. दुसऱ्या दिवशी भुशीच्या बाजूला, आयएनएस शिवाजीपासून जवळच्या डोंगरावर, दोघांचे मृतदेह सापडले. आयएनएस शिवाजी हे नौदलाच्या अभियंत्यांना घडवणारे केंद्र 1945 पासून तिथे आहे. म्हणजे जागा दूरच्या रानातली नव्हती. वर्दळीच्या रस्त्यापासून थोडी आत, एवढेच. विद्यार्थी रस्त्यावर उतरले, शहर हादरले. संशयितांना अटक व्हायला दोन महिन्यांहून अधिक काळ गेला, आणि हल्ला लुटीच्या उद्देशाने झाल्याचे पोलिसांनी त्या वेळी सांगितले.

अशा घटनेनंतर नात्यात, गावात, स्टाफरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो: ती दोघं तिथे गेलीच कशाला? सुट्टीच्या दिवशी विशी-बाविशीतली मुले डोंगरावर जातात. लोणावळ्यात राहून तिथे न जाणारा विद्यार्थी शोधावा लागेल. विचारायला हवा होता तो प्रश्न वेगळा होता. शनिवार-रविवारी हजारो माणसे जिथे येतात, तिथे अंधार पडल्यावर एकही गस्त का नसते? साडेसात वर्षांनी पुण्याच्या दुसऱ्या टोकाला, बोपदेव घाटात, जवळजवळ तीच रचना पुन्हा दिसली. 3 ऑक्टोबर 2024 च्या रात्री मित्राबरोबर तिथे गेलेल्या एकवीस वर्षांच्या तरुणीवर तिघांनी सामूहिक बलात्कार केला. मित्राला बांधून घातले होते. त्यानंतर टेकड्यांवर आणि घाटांत दिवे-कॅमेरे बसवायच्या योजनांना वेग आला. दिवा आधी का लागत नाही, हे कोडे पुणे जिल्ह्यात अजून सुटायचे आहे.

संस्थांची प्रतिक्रियाही ठरलेली असते. घटना बाहेर घडली, तर गेट लवकर बंद करायचे.

मुलींच्या वसतिगृहाच्या दारात एक लांबट वही असते. नाव, खोली क्रमांक, कुठे जाणार, बाहेर पडल्याची वेळ, परतल्याची वेळ, सही. वहीला दोरीने बांधलेले पेन. घड्याळ साडेआठ किंवा नऊ दाखवते तेव्हा रेक्टर मॅडम वही आत नेतात, आणि त्यानंतर येणारीला उशिराचे कारण लिहून द्यावे लागते. एखाद्या ठिकाणी घरी फोन जातो. मुलांच्या वसतिगृहातही वही असते, पण ती शोधावी लागते. रात्री अकराला बाइकवर तिघे बसून जुन्या महामार्गावर चहाला जाणाऱ्यांना ती कुणी भरायला लावत नाही. खरे तर रात्रीच्या अपघातांचा, मोबाइल हिसकावून नेण्याचा आणि मारामाऱ्यांचा फटका मुलांनाही बसतो. 2017 च्या त्या दोन मृतांत एक मुलगा होता, हे कर्फ्यूची वेळ ठरवणारे विसरतात.

आता या वेळेचे गणित बघा. नऊला दार बंद होते. लोकल वीस मिनिटे उशिरा धावली, रिक्षा मिळाली नाही, मुलगी नऊ वाजून दहा मिनिटांनी गेटपाशी पोचली. आत घेतले तर घरी फोन, बोलणी, कदाचित दंड. म्हणून ती काय करते? मैत्रिणीच्या खोलीवर जाते, पुन्हा अंधारातून. किंवा आधीच्या स्टेशनवर असतानाच ठरवते की आज परतायचेच नाही, आणि ओळखीच्या-बिनओळखीच्या कुणाकडे तरी थांबते. अनोळखी गाडीवाल्याने ‘सोडतो’ म्हटले, तर वेळ गाठायची म्हणून बसते. सुरक्षेसाठी केलेला नियम तिला नेमक्या नको त्या वेळी नको त्या जागी नेऊन ठेवतो. आणि सगळ्यांत वाईट म्हणजे रस्त्यात काही घडले, तर ती सांगत नाही. सांगितले तर पुढच्या महिन्यापासून वेळ आठ होईल, हे तिला आणि तिच्या मैत्रिणींना माहीत असते.

हे म्हणणे केवळ विद्यार्थी चळवळींचे नाही. सरकारी कागदावरही ते आहे, फक्त तो कागद कुणी उघडत नाही. डिसेंबर 2012 मधल्या दिल्लीच्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने कॅम्पसवरील सुरक्षेचा अभ्यास करायला एक कृतिदल नेमले. त्याचा ‘सक्षम’ नावाचा अहवाल 2013 मध्ये आला. त्याच्या आधारावर लैंगिक छळाला आळा घालणारे आयोगाचे 2015 चे विनियम तयार झाले. अंतर्गत तक्रार समिती, तीन महिन्यांत तक्रार, नव्वद दिवसांत चौकशी, विद्यार्थ्यांचा मामला असेल तर समितीत निवडून आलेले विद्यार्थी प्रतिनिधी, या गोष्टी बऱ्याच जणांना ठाऊक असतात. पण त्याच विनियमांत असेही म्हटले आहे की सुरक्षेचे कारण सांगून मुलींच्या वसतिगृहांना मुलांपेक्षा वेगळे, भेदभाव करणारे नियम लावता येणार नाहीत. पुरेसे दिवे हवेत. प्रशिक्षित सुरक्षारक्षकांत स्त्रियांचे प्रमाण चांगले हवे. आणि वसतिगृह, ग्रंथालय, प्रयोगशाळा यांच्यात भरवशाची वाहतूक असावी, घरून येणाऱ्यांना जिथे पोचणे अवघड आहे अशा भागांपर्यंतही ती जावी, म्हणजे विद्यार्थ्यांना संध्याकाळी उशिरापर्यंत काम करता येईल.

मात्र 2015 मध्येच आयोगाने कॅम्पसच्या आतल्या-बाहेरच्या सुरक्षेची आणखी काही मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्यांत सहज चढता येणार नाही अशी उंच भिंत, तिच्यावर काटेरी तारांची वेटोळी, पहारा असलेली प्रवेशद्वारे, बायोमेट्रिक हजेरी, कॅम्पसवर पोलिस ठाणे यांच्या सूचना आहेत. दोन्ही कागद एकाच आयोगाचे. मावळात कोणता अमलात आला, हे कुठल्याही संकुलाभोवती एक चक्कर मारली की कळते. तार विकत मिळते, ठेकेदार लावून जातो, फोटो काढता येतो. रोज रात्री बस चालवायला चालक, डिझेल आणि कुणाचे तरी लक्ष लागते.

भिंतीवर सगळी भिस्त ठेवण्यातला धोका मुंबईने जून 2023 मध्ये पाहिला. चर्नी रोडजवळच्या सावित्रीबाई फुले शासकीय वसतिगृहात एका अठरा वर्षांच्या विद्यार्थिनीवर बलात्कार करून तिचा खून झाला. संशयित बाहेरून आलेला नव्हता. वसतिगृहातच वर्षानुवर्षे काम करणारा, पहाऱ्याचीही कामे बघणारा माणूस होता, आणि त्याचा मृतदेह त्याच दिवशी रेल्वे रुळांवर सापडला. सुट्टीमुळे मुली घरी गेल्या होत्या, मजला ओस पडला होता. भिंत होती, गेट होते, वहीही असणार.

मावळापुरते बोलायचे तर जुनी आणि अधिक बोलकी आठवण गहुंज्याची आहे. 1 नोव्हेंबर 2007 च्या रात्री पुण्यातल्या एका बीपीओत काम करणारी बावीस वर्षांची तरुणी रात्रपाळीला निघाली. न्यायला कंपनीने ठरवलेलीच कॅब आली. चालक आणि त्याच्या साथीदाराने गाडी भलतीकडे नेली. तिचा मृतदेह मावळातल्या गहुंजे गावच्या हद्दीत सापडला. दोघांना फाशीची शिक्षा झाली, ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत कायम राहिली, आणि अंमलबजावणीला झालेल्या विलंबामुळे मुंबई उच्च न्यायालयाने 2019 मध्ये ती 35 वर्षांच्या कैदेत बदलली. तो निर्णय डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही कायम केला.

न्यायालयातल्या या लांबणीबद्दल पुष्कळ लिहिले गेले. इथे महत्त्वाचे आहे ते त्या रात्रीचे. वाहन होते, पण कुठे चालले आहे हे पाहणारे कुणी नव्हते. अशा घटनांच्या धक्क्यातून कंपन्यांच्या कॅबमध्ये बदल झाले: चालकांची पोलिस पडताळणी, जीपीएस, बाई पहिली चढणारी किंवा शेवटची उतरणारी असेल तर सुरक्षारक्षक. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्याने रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत स्त्रीला कामावर ठेवायचे, तर तिची संमती आणि घरापर्यंतच्या वाहतुकीसह संरक्षणाची व्यवस्था आवश्यक केली. हिंजवडीतल्या बावीस वर्षांच्या कर्मचारी मुलीला रात्री जे हक्काने मिळते, ते तिच्याहून एक वर्षाने लहान, प्रोजेक्टसाठी प्रयोगशाळेत आठपर्यंत थांबलेल्या विद्यार्थिनीला मिळत नाही. पहिली पगार घेते, दुसरी फी भरते. फी भरणारीला कमी मिळावे, हा न्याय अजब आहे.

मावळाची स्वतःची अशी एक अडचण आहे, ती पोलिस हद्दीची. ऑगस्ट 2018 मध्ये पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालय वेगळे झाले आणि तळेगाव दाभाडे, तळेगाव एमआयडीसी हा भाग तिकडे गेला. वडगाव, कामशेत, लोणावळा पुणे ग्रामीण पोलिसांकडेच राहिले. लोणावळ्यात पुन्हा शहर आणि ग्रामीण अशी दोन ठाणी. रेल्वे फलाटावर काही घडले तर लोहमार्ग पोलिस. रात्री दहाला घाबरलेल्या, गावाबाहेरून आलेल्या मुलीने हे सगळे माहीत करून घ्यावे, अशी अपेक्षा धरता येत नाही. कायदाही धरत नाही. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे गुन्हा कुठेही घडलेला असो, जवळच्या ठाण्याने माहिती नोंदवून घ्यायची असते. बोलीत याला ‘झिरो एफआयआर’ म्हणतात. ‘ही आमची हद्द नाही’ असे कुणी म्हटले, तर हे कलम सांगावे. फोन करायचा तर 112 हा एकच क्रमांक पोलिस, रुग्णवाहिका, अग्निशमन या सगळ्यांसाठी चालतो. घाटाच्या कडेला मात्र मोबाइलची रेंज कुठे जाते आणि कुठे परत येते, हे तिथली मुलेच सांगू शकतील.

पावसाळ्यात हे सारे आणखी बिघडते. लोणावळ्यात वर्षाला चार हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. जुलैत दिवसाढवळ्या धुके इतके दाट उतरते, की समोरून येणाऱ्या ट्रकचे दिवे दहा पावलांवर आल्यावर दिसतात. रात्री तर विचारूच नका. फीडर ट्रिप झाला की रस्त्यावरचे दिवे जातात, आणि पुन्हा कुणी चालू करायचे यावर ग्रामपंचायत महावितरणकडे बोट दाखवते, महावितरण थकलेल्या बिलाकडे. छत्री, पाठीवर लॅपटॉपची बॅग, रस्त्याला पदपथ नाही. अशा वेळी गुन्हेगाराची वाट कशाला बघायची, वाहनच पुरेसे असते.

अमेरिकेने कॅम्पसच्या सुरक्षेच्या प्रश्नाकडे एका निराळ्या बाजूने पाहिले. 5 एप्रिल 1986 च्या पहाटे पेनसिल्व्हेनियातल्या लीहाय विद्यापीठाच्या वसतिगृहात जीन क्लेरी या एकोणीस वर्षांच्या विद्यार्थिनीचा तिच्याच खोलीत बलात्कार करून खून झाला. हल्लेखोर तिथलाच विद्यार्थी होता, आणि आपोआप बंद होणारी दारे कुणीतरी अडसर लावून उघडी ठेवली होती. आईवडिलांच्या लक्षात आले की त्या कॅम्पसवर आधीही बरेच गुन्हे घडले होते. प्रवेश घेताना त्यांना ते कुणी सांगितले नव्हते. त्यांनी लावून धरलेला कायदा 1990 मध्ये झाला आणि पुढे तो क्लेरीच्याच नावाने ओळखला जाऊ लागला. सरकारी मदत घेणाऱ्या प्रत्येक विद्यापीठाला तिथे दरवर्षी कॅम्पसवरच्या आणि लगतच्या सार्वजनिक रस्त्यांवरच्या गुन्ह्यांचे आकडे जाहीर करावे लागतात, आणि धोका चालू असेल तर विद्यार्थ्यांना वेळेत कळवावे लागते. लगतचे रस्ते त्यात धरले आहेत, हे मावळाने ध्यानात घेण्यासारखे आहे. आपल्याकडे लैंगिक छळाच्या तक्रारी किती आल्या, किती निकाली निघाल्या, याचा वार्षिक अहवाल संस्थेने आयोगाला द्यायचा असतो. गेटबाहेर झालेली लूट, पाठलाग, छेडछाड यांची जाहीर नोंद कुठल्याही माहितीपत्रकात नसते. तिथे असतो प्लेसमेंटचा तक्ता.

सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे विद्यार्थी विकास मंडळ महाविद्यालयांत ‘निर्भय कन्या अभियान’ घेते. एक दिवसाची कार्यशाळा, स्वसंरक्षणाची प्रात्यक्षिके, आरोग्यावर व्याख्यान, शेवटी चहा-बिस्किटे. मुली मनगट सोडवून घ्यायची युक्ती शिकतात, हसतात, फोटो काढतात. कार्यक्रम चांगलाच आहे. पण ज्या रस्त्याने त्या संध्याकाळी घरी जाणार, त्याचा दिवा लागला का, हे त्या दिवशी कुणी विचारत नाही. शिवाय भीती झुगारण्याचे शिक्षण फक्त मुलींना देऊन भागत नाही. ज्यांच्यामुळे भीती वाटते त्यांच्यासाठी कोणतेही अभियान नाही.

करण्यासारखे बरेच आहे आणि त्यातले बहुतेक स्वस्त आहे. संस्थेची सकाळची बस दिवसभर उभी असते. तिची रात्री नऊची आणि दहाची एकेक फेरी स्टेशनला लोकलच्या वेळेवर सोडता येते. दोन-तीन शेजारच्या संस्थांनी मिळून एक मिनीबस ठेवली तर खर्च आणखी उतरतो. स्टेशनवरच्या रिक्षावाल्यांना ओळखक्रमांक द्यायचे, त्यांच्याशी भाडे ठरवायचे. रात्री मुलगी कुठल्या रिक्षात बसली, हे नोंदवायला फारतर एका माणसाची खुर्ची लागते. वसतिगृहाचे दार उशिरा आलेल्या मुलीसाठी आधी उघडायचे आणि कारण सकाळी विचारायचे, याला तर पैसेच लागत नाहीत. कॉट बेसिसवर राहणाऱ्यांची नोंद संस्थांनी ठेवायची, कारण आज ती मुले ना वसतिगृहाच्या हिशेबात, ना गावाच्या. रस्त्याच्या दिव्यांसाठी ग्रामपंचायत, नगरपरिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग यांच्या दारात एकटा विद्यार्थी गेला तर त्याला अर्ज लिहायला सांगतात. हजारो विद्यार्थ्यांची फी घेणारी संस्था गेली तर खुर्ची देतात. संस्थांनी जावे.

प्रवेशाचा हंगाम आला की जून ते ऑगस्टमध्ये आईवडील मुलामुलींना घेऊन या संकुलांत येतात, बहुधा सकाळी अकराला. वाटेत लोणावळ्याची हवा आवडते, हिरवा डोंगर आवडतो. समुपदेशकाच्या टेबलापाशी फी, मेस आणि पगाराचे पॅकेज विचारले जाते. तिथेच आणखी दोन गोष्टी विचाराव्यात: स्टेशनकडे शेवटचे वाहन किती वाजता जाते, आणि तक्रार समितीवर कोण आहे. शक्य असेल तर त्या दिवशी परतीची घाई करू नये. रात्री साडेआठला गेटपासून स्टेशनपर्यंत एकदा चालत जावे आणि मगच फॉर्मवर सही करावी.